हिरड्याच्या अर्कातही गुठळी ओळखणारं मशीन: बॉलवाल्या कोअ‍ॅग्युलोमीटरचा दीड वर्षाचा अनुभव

मी कराडजवळच्या एका फार्मसी कॉलेजात फार्माकॉलॉजी शिकवते. एम.फार्म.च्या प्रत्येक बॅचमध्ये दोघं-तिघं तरी 'अमुक वनस्पतीच्या अर्काचा रक्त गोठण्यावर परिणाम' हा विषय घेऊन येतात. काचेची नळी, वॉटर बाथ आणि स्टॉपवॉच एवढ्यावर भागतं, म्हणून हा विषय स्वस्तातला समजला जातो. मीही तसंच समजत होते. दीड वर्षापूर्वी आम्ही या कामासाठी एका चॅनेलचं, बॉल पद्धतीचं सेमी-ऑटोमॅटिक कोअ‍ॅग्युलोमीटर, म्हणजे रक्त गोठायला किती सेकंद लागतात ते मोजणारं मशीन, घेतलं. जीएसटी धरून 78,000 रुपये पडले. कंपनीचं नाव देत नाही, कारण मला जे सांगायचंय ते या पद्धतीबद्दल आहे. अर्कांवर काम करणाऱ्या कुठल्याही लहान लॅबला ते उपयोगी पडेल.

हे मशीन का घ्यावं लागलं ते आधी सांगते. त्याच्या आदल्या वर्षी गावातल्या एका पॅथॉलॉजी लॅबने त्यांचं जुनं, प्रकाशावर चालणारं मशीन आम्हाला वापरायला दिलं होतं. त्यात प्लाझ्मातून, म्हणजे रक्तपेशी काढल्यावर उरलेल्या द्रवातून, प्रकाशाचा किरण जातो, गुठळी झाली की प्लाझ्मा गढूळ होतो, प्रकाश अडतो आणि घड्याळ थांबतं. रुग्णांच्या पिवळसर, नितळ प्लाझ्मासाठी ते उत्तमच होतं. आमच्या विद्यार्थिनीने त्यात हिरड्याचा पाण्यातला अर्क घातला. मशीनने 6 सेकंद दाखवले. साध्या प्लाझ्माला तिथे 13 लागत होते. ती धावत स्टाफ रूममध्ये आली, "मॅडम, हिरड्याने निम्म्या वेळात रक्त गोठतंय!" तिचा चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे.

आम्ही दोघींनी तोच प्रयोग हाताने केला. काचेची बारीक नळी 37 अंशांच्या पाण्यात धरायची, गोठणं सुरू करणारा रिएजंट घालायचा, नळी दर सेकंदाला तिरकी करून दिव्यासमोर बघायची. अर्क पडताक्षणी प्लाझ्मात बारीक तपकिरी कण दिसायला लागले. नळी वाकडी केली की कण पाण्यासारखे वाहत होते. मी तिला म्हटलं, घरी दूध फाटलेलं पाहिलंयस ना? आणि दही लागलेलं? फाटलेल्या दुधात चोथा वेगळा, पाणी वेगळं. लागलेलं दही भांडं तिरकं केलं तरी जागचं हलत नाही. हिरड्यात टॅनिन भरपूर असतं. ते प्रथिनांना धरतं आणि साका करून खाली आणतं. ते दूध फाटणं झालं. रक्ताची गुठळी म्हणजे दही लागणं, फायब्रिन या प्रथिनाच्या धाग्यांचं एकसंध जाळं. प्रकाश बघणाऱ्या मशीनला हे दोन्ही 'गढूळ' एवढंच दिसतं.

पण म्हणून हिरडा रक्त थांबवायला निरुपयोगी ठरत नाही. सुश्रुतसंहितेत रक्त थांबवायचे चार मार्ग दिलेत: संधान, स्कंदन, पाचन आणि दहन. तुरट द्रव्यांचं काम तिथे संधानात येतं, म्हणजे जखमेच्या कडा आवळून आणणं. रक्त घट्ट करणं म्हणजे स्कंदन, त्यासाठी थंडावा सांगितलाय. इतक्या जुन्या काळी या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या गेल्या, आणि आम्ही मात्र मशीनच्या एका आकड्यात त्या एक करून बसलो होतो, याचं मला मनापासून वाईट वाटलं. त्या मुलीचे तीन महिन्यांचे आकडे आम्ही बाजूला ठेवले. ती रडली नाही, पण दोन दिवस कॉलेजला आली नाही.

आता बॉलवाल्या मशीनकडे येते. याच्या क्युव्हेटमध्ये, म्हणजे नमुना घालायच्या छोट्या कपात, एक छोटा पोलादी छर्रा असतो. मशीनमधल्या चुंबकाच्या ओढीने तो डावी-उजवीकडे झुलत राहतो. क्युव्हेटमध्ये 100 मायक्रोलिटर प्लाझ्मा घालून 37 अंशांच्या खाचेत गरम करायचा, मग मोजण्याच्या खाचेत ठेवून गोठणं सुरू करणारा रिएजंट, थ्रॉम्बोप्लास्टिन, 200 मायक्रोलिटर सोडायचा. पिपेटचं बटण दाबलं की घड्याळ सुरू. कान जवळ नेला तर छर्‍याची बारीक टकटक ऐकू येते. अकराव्या-बाराव्या सेकंदाला ती मंदावते, छर्रा धाग्यांत अडकतो, झोका तोकडा पडतो आणि मशीन 'टुक' करून थांबतं. क्युव्हेट वर काढून उलटी केली तर छर्रा गुठळीत रुतलेला दिसतो, साबुदाण्याच्या खिरीत मनुका अडकून राहावा तसा. बसवायला आलेले इंजिनिअर म्हणाले होते, "मॅडम, यात लाल, हिरवं, काळं काहीही घाला. याला रंग दिसतच नाही." ते शब्दशः खरं निघालं. हळदीचा गर्द पिवळा, मंजिष्ठेचा लाल, गुळवेलीचा हिरवट, जांभळाच्या बियांचा गढूळ तपकिरी, सगळे अर्क आम्ही यात तपासले आणि रंगामुळे एकदाही अडलं नाही. हिरड्याचा 6 सेकंदांचा चमत्कारही इथे नाहीसा झाला.

एकाच नमुन्याची दोनदा केलेली मोजणी बहुतेक वेळा अर्ध्या सेकंदाच्या आत जुळते. हाताने नळी वाकडी करताना माझ्यात आणि विद्यार्थ्यांत दीड-दोन सेकंदांचा फरक सहज पडायचा. कारण 'आता झाली' हे कुणाला कधी वाटेल ते सांगता येत नाही, आणि संध्याकाळी पाचनंतर डोळेही दमलेले असतात. माझ्या मते या एका गोष्टीसाठी मशीनचे पैसे वसूल झाले.

या मशीनवर आम्ही तीन चाचण्या करतो. प्रोथ्रॉम्बिन टाइम, म्हणजे पीटी, आर्मंड क्विक यांनी 1935 साली मांडलेली. जखम झाल्यावर उतींमधून जो मार्ग सुरू होतो तो, म्हणजे मुख्यतः फॅक्टर सात आणि पुढचा सामाईक भाग, ती दाखवते. फॅक्टर म्हणजे रक्त गोठवणारी, क्रमांकांनी ओळखली जाणारी द्रव्यं. दुसरी एपीटीटी, म्हणजे अ‍ॅक्टिव्हेटेड पार्शल थ्रॉम्बोप्लास्टिन टाइम. तिच्यात 100 प्लाझ्मा आणि 100 रिएजंट तीन मिनिटं गरम करून मग 100 मायक्रोलिटर कॅल्शियम क्लोराइड घालायचं. ती फॅक्टर बारा, अकरा, नऊ, आठ या बाजूचा मार्ग दाखवते. तिसरी थ्रॉम्बिन टाइम, जी फक्त शेवटच्या पायरीकडे, फायब्रिनोजेनचं फायब्रिन होण्याकडे बघते. एखाद्या अर्काने पीटी तसाच ठेवून एपीटीटी लांबवला तर तो कुठल्या पायरीवर काम करतो याचा अंदाज येतो. दोन्ही लांबले आणि थ्रॉम्बिन टाइमही लांबला तर शेवटच्या टोकाला काहीतरी घडतंय, किंवा आपली काहीतरी चूक होतेय. माझा अनुभव असा की आधी चूक शोधावी.

चुका कुठे लपतात ते सविस्तर सांगते, कारण मशीनच्या पुस्तिकेत अर्कांबद्दल एक ओळही नाही. ते रुग्णांसाठी बनवलेलं आहे.

पहिली चूक कॅल्शियमची. गुठळीसाठी कॅल्शियम लागतं. आपण रक्त सोडियम सायट्रेटच्या निळ्या बुचाच्या नळीत घेतो ते याचसाठी, की सायट्रेट कॅल्शियमला बांधून ठेवेल. आता आंबुशी किंवा अळूचा अर्क बघा. त्यात ऑक्झलेट असतं, तेही कॅल्शियमला बांधतं. अर्क घातला की वेळ लांबतो आणि पोरं लिहितात, 'रक्त पातळ करणारा उत्तम गुणधर्म'. अशा वेळी आम्ही कॅल्शियम थोडं वाढवून चाचणी पुन्हा करतो. वेळ पूर्ववत झाला तर तो गुण ऑक्झलेटचा. पोटात गेल्यावर रक्तात असं काही होणार नाही.

दुसरी चूक आंबटपणाची. आवळ्याचा, चिंचेचा, कोकमाचा अर्क सरळ प्लाझ्मात घातला की सामू घसरतो आणि गोठण्याची सगळी यंत्रणा मंदावते. अर्क बफरमध्ये तयार करून सामू 7.4 च्या आसपास आणल्याशिवाय मी आता पिपेट हातात घेऊ देत नाही. तिसरी चूक द्रावकाची. अल्कोहोलमधला अर्क प्लाझ्मात पडला की प्रथिनं बिघडतात. अर्क वाळवून डीएमएसओ या द्रावकात विरघळवला तरी प्लाझ्मात त्याचं प्रमाण 1 टक्क्याच्या वर जाऊ देत नाही, आणि तेवढंच डीएमएसओ एकटं घालून वेगळी मोजणी घेतोच घेतो. 90 मायक्रोलिटर प्लाझ्मात 10 मायक्रोलिटर अर्क घातला तर प्लाझ्मा एक दशांशाने पातळ झाला, मग तुलनाही 10 मायक्रोलिटर नुसतं बफर घातलेल्या प्लाझ्माशीच हवी. हे सांगायला सोपं वाटतं, पण एम.फार्म.च्या तोंडी परीक्षेत बाहेरचे परीक्षक नेमकं हेच विचारतात आणि मुलं गप्प होतात.

प्लाझ्माचं कामही घाईचं नाही. एथिक्स कमिटीची परवानगी, स्वयंसेवकाची लेखी संमती, मग रक्त. नळी खुणेपर्यंत भरलीच पाहिजे, नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट. अर्धी भरली की सायट्रेट जास्त होतं आणि वेळ उगाच लांबतो. रक्त फ्रिजमध्ये ठेवायचं नाही, थंडीने फॅक्टर सात आपोआप जागा होतो. सेंट्रिफ्यूजमध्ये 1500 जीवर, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या 1500 पट जोराने, 15 मिनिटं फिरवून वरचा प्लाझ्मा अलगद काढायचा, तळाच्या पांढऱ्या थराला पिपेट लावायची नाही, आणि एपीटीटी चार तासांत उरकायचा. आमच्याकडे सकाळी नऊला रक्त घेतलं की एकच्या आत काम संपवायचं, जेवण नंतर.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे लिहायला बसले ती.

माझ्या वडिलांच्या हृदयात धातूची झडप आहे. त्यांना रोज रक्त पातळ करणारी गोळी, असेनोकौमारॉल, घ्यावी लागते आणि आयएनआर, म्हणजे पीटीवरून काढलेला, रक्त किती पातळ आहे ते दाखवणारा आकडा, ठरलेल्या मर्यादेत ठेवावा लागतो. 2020 साली घराघरांत काढे उकळत होते, आमच्याकडेही. दालचिनी, सुंठ, मिरे, तुळस, रात्री हळदीचं दूध. तिसऱ्या आठवड्यात बाबांच्या नाकातून रक्त आलं आणि थांबेना. आयएनआर 5.8 निघाला, मर्यादेच्या बराच वर. काढ्यामुळेच झालं असं मी म्हणू शकत नाही, कारण त्याच सुमारास त्यांना एक अँटिबायोटिकही सुरू होतं आणि जेवण अर्ध्यावर आलं होतं. पण दवाखान्याच्या बाकावर बसल्या बसल्या ठरवलं, की हे घरगुती पदार्थ एकदा स्वतः तपासायचे.

मशीन आल्यावर पहिल्याच महिन्यात आम्ही ते सगळे अर्क लावले. पीटी जवळपास हलला नाही. विद्यार्थी म्हणाले, "मॅडम, म्हणजे काढा निर्धोक आहे." मी त्यांना थांबायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी बाबांच्याच गोळीतलं औषध घेतलं, डीएमएसओत विरघळवलं, गाळलं आणि निरोगी प्लाझ्मात घालून पीटी लावला. बफरवाल्या प्लाझ्माला 12.9 सेकंद, गोळीवाल्याला 13.1. छर्रा ठरल्या वेळी अडकला. ज्या गोळीने माणसाचं रक्त पातळ होतं, तिने नळीत काहीच केलं नाही. वर्गात कुणी बोलेना.

कारण ही गोळी प्लाझ्मात कामच करत नाही. ती यकृतात व्हिटॅमिन केचं चक्र अडवते, त्यामुळे फॅक्टर दोन, सात, नऊ आणि दहा अर्धवट तयार होतात. आधीचे पुरे फॅक्टर संपेपर्यंत, म्हणजे एक-दोन दिवस, परिणाम दिसतच नाही. नळीत यकृत नाही. या औषधांचा शोधही तसाच लागला. 1933 च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनचा एक शेतकरी, गुरं रक्तस्राव होऊन मरताहेत म्हणून, न गोठणाऱ्या रक्ताने भरलेला दुधाचा कॅन आणि बुरशी आलेला स्वीट क्लोव्हरचा चारा घेऊन कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेत पोचला. चाऱ्यातलं ते द्रव्य, डायकौमारॉल, हाती यायला 1939 उजाडलं. अर्काच्या प्रत्येक पायरीवर ते ससे वापरून बघत, कारण परिणाम जिवंत प्राण्याच्या रक्तातच दिसत होता. नुसत्या नळीत अर्क घालत बसले असते तर हे औषध सापडलंच नसतं.

म्हणून या मशीनबद्दल माझं मत ठाम आहे. प्लाझ्मात थेट काम करणारं द्रव्य, हेपॅरिनसारखं, ते अचूक पकडतं. हेपॅरिन आम्ही दर वेळी तुलनेसाठी लावतोच. एपीटीटीत छर्रा झुलतच राहतो आणि शेवटी पडद्यावर 'नो क्लॉट' येतं. पीटीच्या बऱ्याच रिएजंटमध्ये हेपॅरिनला निष्प्रभ करणारं द्रव्य असतं, तिथे ते दिसत नाही, हेही ध्यानात ठेवा. पण व्हिटॅमिन केच्या वाटेने जाणारं, किंवा औषधाचं पचन यकृतात मंद करून त्याचं रक्तातलं प्रमाण वाढवणारं द्रव्य या चाचणीत सापडणार नाही. प्लेटलेट्सचंही तेच. लसूण, आलं, हळद यांच्याबद्दल जे बोललं जातं ते बरंचसं प्लेटलेट्सच्या चिकटण्याबद्दल आहे. आपण तर प्लाझ्मातून प्लेटलेट्स आधीच काढून टाकलेल्या असतात. त्यासाठी प्लेटलेट्सचं चिकटणं मोजणारा अ‍ॅग्रिगोमीटर लागतो, तो आमच्याकडे नाही.

तक्रारी सांगते. मशीन चांगलं असलं तरी त्याच्याभोवतीची सेवा तशी नाही. गेल्या एप्रिलमध्ये आमच्या डीलरने पाठवलेला रिएजंटचा खोका दुपारी अडीचला आला, आतली जेल पॅक कोमट. थ्रॉम्बोप्लास्टिन 2 ते 8 अंशांत राहायला हवं. नॉर्मल कंट्रोल, म्हणजे ज्याचा वेळ आधीच माहीत आहे असा प्लाझ्मा, लावला तर ठरलेल्या मर्यादेच्या तीन सेकंद वर. बदलून मिळाला, पण तीन आठवड्यांनी, आणि तोवर एका मुलीचं काम खोळंबलं. आता मी ऑर्डर देतानाच सोमवारी पाठवा असं लिहून देते, म्हणजे पार्सल शनिवार-रविवारी गोदामात पडत नाही. खोका आल्या आल्या आधी कंट्रोल, मगच सही.

छर्‍याच्या क्युव्हेट महाग पडतात, एकेक दहा-अकरा रुपयांना. एका अर्काच्या पाच मात्रा, तीन चाचण्या, प्रत्येकी तीन वेळा, वर कंट्रोल. एका वनस्पतीला साठेक क्युव्हेट सहज जातात. डीलरच्या माणसाने फोनवर सुचवलं, "धुऊन परत वापरा, सगळे वापरतात." माणसाच्या प्लाझ्माला लागलेल्या क्युव्हेट आम्ही धुऊन वापरत नाही, त्या हायपोक्लोराइटमध्ये बुडवून जैव कचऱ्यात जातात. शिवाय जुन्या गुठळीचा कण राहिला तर पुढची मोजणी बिघडेल ती वेगळीच. अंदाजपत्रकात क्युव्हेटचा खर्च मशीनएवढाच गांभीर्याने धरा. मशीनला बॅटरी नाही, उन्हाळ्यात वीज गेली की चालू मोजणी गेली. आम्ही यूपीएस लावला. छपाईचा कागद उष्णतेवर उमटणारा आहे, सहा महिन्यांत अक्षरं फिकी होतात, म्हणून आकडे त्याच दिवशी वहीत उतरवतो.

दगडीपाल्याबद्दल न लिहून चालणार नाही. आमच्या लॅबमधले मामा दर वेळी तो आपल्या शेताच्या बांधावरून आणतात. विळा लागला, बैलाच्या खांद्याला जखम झाली की पाला हातावर चोळून रस पिळायचा, हे त्यांनी वडिलांकडून घेतलं. काही जण त्याला एकदांडी म्हणतात, काही जखमजोडी. मूळचा मध्य अमेरिकेकडचा, पण आता आपल्या प्रत्येक बांधावर. नमुना पुण्याला बोटॅनिकल सर्व्हेच्या कोरेगाव रस्त्यावरच्या केंद्रात ओळख पटवायला दिला, कागद नीट मिळाला. ओळख पटवल्याशिवाय अर्क काढू नका, गावोगाव एकाच नावाने वेगवेगळ्या वनस्पती दाखवतात. आमच्या मोजण्यांत त्याच्या पाण्यातल्या अर्काने पीटी फारसा हलवला नाही. मामांना हे सांगायला मला जड गेलं. ते पाल्याची जुडी पाण्यात ठेवत म्हणाले, "मॅडम, आम्ही रस पिळतो आणि वर फडकं घट्ट बांधतो. तुमच्या मशीनमध्ये फडकं बांधता येतं का?" त्यांचा प्रश्न रास्त आहे. दाब, आवळणं, प्लेटलेट्स, यातलं काहीच या क्युव्हेटमध्ये नाही. पुढच्या बॅचसाठी मी त्यावर वेगळी मांडणी लिहिते आहे, ताज्या रसाची, वाळवलेल्या पाल्याची नाही.

घ्यायचं असेल तर डीलरला आधी हे विचारा: क्युव्हेट फक्त त्यांच्याचकडून घ्याव्या लागतात का, रिएजंट दुसऱ्या कंपनीचे चालतात का, मोजणीची कमाल मर्यादा किती सेकंदांची आहे आणि ती बदलता येते का. आमच्यात ती आधी 120 सेकंद होती, तीव्र अर्कांसाठी आम्ही 300 करून घेतली. आणि विकत घेण्याआधी स्वतःच्या हाताने हिरड्याचा अर्क घेऊन जा, त्यांच्यासमोर लावून बघा. आम्ही नेला होता, स्टीलच्या डब्यात.